नोकरी सोडून पूर्णवेळ क्विझर व्हावं का?

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा: वय सव्वीस, नोकरी बरी आहे, गेल्या तीन वर्षांत लहानमोठ्या पंधराएक क्विझ जिंकल्यात. मोठ्या स्पर्धांत मात्र अंतिम फेरी गाठता आणि तिथे मागे पडता. म्हणून नोकरी सोडून दोन वर्षं फक्त अभ्यास करावा असं मनात आहे. विजेत्यांची स्मरणशक्ती जन्मजात असते का, रोज किती तास द्यावे लागतात आणि यावर पोट भरतं का, हे तुम्हाला हवंय. शेवटी एका ओळीत असंही लिहिलंय की हरल्यावर दोन-दोन रात्री झोप लागत नाही. त्या ओळीवरही बोलू.

मी तेवीस वर्षं स्पर्धक म्हणून खेळतोय आणि त्यातली शेवटची चौदा वर्षं प्रश्न काढण्याचं कामही करतोय. तुमच्या लिहिण्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. अंतिम फेरीत नेमकं काय कमी पडतंय, हा पहिला. आयुष्यात क्विझिंगला किती जागा द्यायची, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'वेळ कमी पडतो' असं तुम्ही धरून चाललात आणि त्यावरून नोकरी सोडायच्या निर्णयापर्यंत पोहोचलात. मला ते पहिलं उत्तरच पटलेलं नाही.

आधी हे सांगतो की मी तुम्हाला खेळताना पाहिलेलं नाही. घरात तुमच्या पगारावर कोण अवलंबून आहे, शिल्लक किती, तुम्ही बझरवर खेळता की लेखी, एकटे की संघात, यावर बरंच ठरतं. तेव्हा खाली जे लिहितोय त्यातलं काय लागू पडतं ते तुम्हीच ताडून बघा.

माझ्या आयुष्यातली सगळ्यांत महत्त्वाची हार सांगतो. अंतिम फेरी, बरोबरी झालेली, टायब्रेकरचा एकच प्रश्न. क्विझमास्टरांनी वाचायला सुरुवात केली, "दोनदा नोबेल मिळवणाऱ्या या शास्त्रज्ञाला..." आणि मी बझर दाबला. मेरी क्यूरी. चूक. प्रश्न पुढे असा होता: "...दोन्ही वेळा भौतिकशास्त्रासाठीच गौरवण्यात आलं." उत्तर जॉन बार्डीन. १९५६ मध्ये ट्रान्झिस्टरसाठी आणि १९७२ मध्ये अतिवाहकतेच्या सिद्धांतासाठी. क्यूरींचं पहिलं नोबेल १९०३ सालचं, भौतिकशास्त्राचं. दुसरं १९११ सालचं, रसायनशास्त्राचं. हे सगळं, बार्डीनसकट, मला व्यवस्थित माहीत होतं. दोन वर्षं घरी बसून अभ्यास केला असता तरी तो प्रश्न मी असाच घालवला असता.

त्या रात्री मी वहीत तीन रकाने आखले. आजही प्रत्येक स्पर्धेनंतर तेच आखतो. पहिल्या रकान्यात 'माहीतच नव्हतं' असे प्रश्न. दुसऱ्यात 'माहीत होतं, वेळेवर आलं नाही'. तिसऱ्यात 'माहीत होतं, घाई किंवा शंका नडली'. अट एकच, त्याच रात्री भरायचे. सकाळ झाली की मन स्वतःला सवलत देतं आणि तिसऱ्या रकान्यातले प्रश्न गुपचूप पहिल्यात जाऊन बसतात.

वर्षभरानंतर बेरीज केली तेव्हा मी चक्रावलो. मोठ्या स्पर्धांत गमावलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून जास्त दुसऱ्या-तिसऱ्या रकान्यातले होते. छोट्या स्पर्धेत असं का होत नाही? तिथे समोरच्यांना उत्तर येतच नाही, म्हणून तुम्हाला आठवायला सवड मिळते. अंतिम फेरीत सगळ्यांनाच बरंचसं येत असतं. तिथे 'अरे, ते... जिभेवर आहे' म्हणेपर्यंत प्रश्न पुढच्या संघाने घेतलेला असतो. माझा अंदाज आहे की तुमचंही असंच होत असावं. अंदाजच आहे, खरं काय ते तुमच्या पुढच्या पाच स्पर्धांचे रकाने सांगतील.

आता स्मरणशक्तीबद्दल. मी ज्या विजेत्यांबरोबर आणि विरुद्ध खेळलो त्यांच्यात एकपाठी अपवादानेच भेटले. सगळ्यांत सारखी दिसली ती ओढ. या माणसांना औषधाच्या डबीवरचा मजकूर वाचतानाही प्रश्न पडतो, हे नाव आलं कुठून? पण ओढीने वाचलेलंही विसरतंच. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती वेळाने किती उरतात ते मोजायचं. पाठ केलेल्यातलं बरंचसं पहिल्या काही तासांतच गळतं आणि मग गळती मंदावते, असं त्याला दिसलं. पाठांतर एकदम उरकण्याऐवजी दिवसांत विभागलं तर कमी कष्टांत टिकतं, हेही त्याने नोंदवलं.

यातून मी एक सवय लावून घेतली. वाचायला एक भाग वेळ, तर आठवून पाहायला दोन भाग. पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर लिहायचं. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. आलं तर कार्ड चार दिवसांनी, मग दहा, मग महिन्याने. अडखळलं तर उद्या परत. हे करणारी मोफत ॲप्स आहेत. पण कार्ड स्वतः लिहा. दुसऱ्याने बनवलेली हजार कार्डं मी एकदा घेऊन पाहिली होती, त्यातलं फारसं काही राहिलं नाही. कार्ड लिहिताना 'हे मला कशाशी जोडता येईल' असा विचार होतो, तो विकतच्या कार्डात होत नाही.

आणि सुटी माहिती लिहू नका, घोस लिहा. बार्डीनवर हरल्यावर मी दोनदा नोबेल मिळालेल्या सगळ्या माणसांचा घोस केला: क्यूरी, लायनस पॉलिंग (१९५४ रसायनशास्त्र, १९६२ शांतता), बार्डीन, फ्रेडरिक सँगर (१९५८ आणि १९८०, दोन्ही रसायनशास्त्र). २०२२ मध्ये बॅरी शार्पलेस यांना दुसरं नोबेल मिळालं तेव्हा पाचवं नाव घातलं. आता यांच्यापैकी कोणावरही, कुठल्याही बाजूने प्रश्न आला तरी बाकीचे चौघे आपोआप शेजारी येऊन उभे राहतात आणि कोण नाही हेही चटकन कळतं. सोळा आणे खात्रीपेक्षा अंतिम फेरीत पुष्कळदा हे वगळता येणंच उपयोगी पडतं.

काय वाचावं हाही प्रश्न असतोच. रॉजर क्रेग या संगणकशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या 'जेपर्डी!' या कार्यक्रमाच्या जुन्या प्रश्नांचा साठा घेतला, संगणकाकडून त्यांचे विषयवार गट पाडून घेतले आणि कोणत्या विषयावर वारंवार विचारतात व आपण कुठे कच्चे आहोत ते शोधलं. मग तेवढ्याच जागा अशाच टप्प्याटप्प्याच्या उजळणीने भरल्या. २०१० मध्ये त्याने एका दिवसात ७७,००० डॉलर जिंकले. तो विक्रम २०१९ पर्यंत टिकला. तो मोडणारा जेम्स होल्झहाउअर सांगतो की त्याने तयारीसाठी लहान मुलांची माहितीपर पुस्तकं वाचली. मला हे पूर्ण पटतं. नावडत्या विषयातलं पहिलं पुस्तक नेहमी मुलांचं घ्यावं. त्यात चित्रं असतात, भाषा सोपी असते आणि विषयातल्या ज्या पन्नास गोष्टी सर्वांना ठाऊक असायला हव्यात त्या तिथे नेमक्या मिळतात. प्रश्न काढणारा माणूसही बऱ्याचदा त्याच पन्नासांतून सुरुवात करतो.

बझरवर खेळत असाल तर हाताकडेही अभ्यास म्हणून बघा. 'जेपर्डी!'मध्ये १९८५ पासून प्रश्न पूर्ण वाचून होईपर्यंत बझर चालत नाही, आणि आधी दाबलात तर पाव सेकंद तुमचा बझर बंद. पाव सेकंद ऐकायला किरकोळ वाटतं, पण तेवढ्यात दुसऱ्याने उत्तर द्यायला सुरुवात केलेली असते. फेब्रुवारी २०११ मध्ये आयबीएमच्या वॉटसन या संगणकाने केन जेनिंग्ज आणि ब्रॅड रटर या दोन दिग्गजांना हरवलं, तेव्हाही दोघांना पुष्कळ उत्तरं येत होती. यंत्र बझर इतक्या अचूक क्षणी दाबायचं की त्यांना बोलायची संधीच मिळेना. आमच्यासारख्यांनी काय करावं? मी जुन्या फेऱ्यांची ध्वनिमुद्रणं लावून हातात पेन घेतो आणि वाचणाऱ्याच्या शेवटच्या अक्षरावर त्याची कळ दाबतो. रोज वीस मिनिटं. आणि जिथे मध्येच दाबायची मुभा आहे तिथे स्वतःला एक शिस्त लावली आहे: उत्तर एकच उरतं असं म्हणता आल्याशिवाय बोट हलवायचं नाही. ती शिस्त मी कुठे शिकलो ते वर सांगितलंच.

बाउन्सच्या फेऱ्यांची गोष्ट निराळी. तिथे प्रश्न संघासंघांतून फिरतो, हात वेगवान असून उपयोग नाही, आणि प्रश्नही 'वर्कआउट' करण्याजोगे असतात, म्हणजे दिलेल्या धाग्यांवरून उत्तर बांधत न्यायचे. तिथे मोठ्याने विचार करणारा जोडीदार हवा. लेखी स्पर्धा आणखी वेगळी. २००३ मध्ये सुरू झालेली जागतिक क्विझिंग स्पर्धा ही एकट्याने सोडवायची लेखी परीक्षा आहे, आठ विषयगटांत २४० प्रश्न. बरीच वर्षं चालत आलेल्या पद्धतीप्रमाणे तुमचा सगळ्यांत कमी गुणांचा गट वगळून उरलेले सात मोजतात. म्हणजे एक विषय पूर्ण कच्चा असला तरी चालतो, दोन असले तर नाही. तुमचा खेळ यांतला कुठला, ते ठरवूनच अभ्यासाची आखणी करा. मी सुरुवातीची सहा वर्षं हे न ठरवताच सगळं वाचत सुटलो आणि त्याचा खेद आजही आहे.

किती तास? मी नोकरी करत असताना रोज पाऊण ते सव्वा तास, आणि आठवड्यातून एक सलग बैठक तीन तासांची. यापेक्षा जास्त दिला तेव्हा फायदा दिसला नाही, कारण मधल्या काळात विसरणं आणि परत आठवणं हाच अभ्यासाचा मोठा भाग आहे आणि त्याला दिवसच लागतात. दहा तास बसून दहा दिवसांचं काम उरकत नाही. पूर्णवेळ अभ्यासासाठी नोकरी सोडावी या विचाराला माझा विरोध मुख्यतः यासाठी आहे. आणखीही एक कारण आहे. नोकरी, प्रवास, लोकांशी बोलणं यांतून जे कानावर पडतं ते कार्डांतून येत नाही. माझी कितीतरी निर्णायक उत्तरं कचेरीतल्या सहकाऱ्यांच्या गप्पांतून आली आहेत.

आता पोटाचं बोलू. ज्यांची नावं आपण ऐकतो त्यांच्याकडे नीट बघा. जेनिंग्जने २००४ मध्ये सलग ७४ सामने जिंकून २५,२०,७०० डॉलर मिळवले, तेव्हा तो सॉफ्टवेअर अभियंता होता. नोकरी सांभाळूनच तो तिथवर गेला होता. त्यानंतर त्याने पुस्तकं लिहिली आणि २०२१ पासून त्याच कार्यक्रमाचं सूत्रसंचालनही केलं. केव्हिन ॲशमन ब्रिटनमध्ये सरकारी नोकरीत होता. १९९५ मध्ये त्याने 'मास्टरमाइंड' ही तिथली दूरचित्रवाणीवरची क्विझ जिंकली, त्याच वर्षी तिच्या एका सामन्यात ४१ गुणांचा विक्रम केला, २००४ ते २००६ सलग तीन वर्षं जगज्जेता झाला. 'एगहेड्स' या दूरदर्शन कार्यक्रमाच्या कायमच्या संघात त्याला जागा मिळाली ती २००३ मध्ये, मास्टरमाइंडनंतर आठ वर्षांनी. त्याच संघात पुढे आलेला पॅट गिब्सन मूळचा सॉफ्टवेअरवालाच. होल्झहाउअर खेळांच्या निकालांवर पैजा लावून जगणारा व्यावसायिक जुगारी होता, म्हणून मोठ्या रकमा डावावर लावताना त्याचा हात कापला नाही. प्रत्येकाला आधीच्या व्यवसायाने काहीतरी दिलंय, किमान निवांतपणा तरी. घरभाडं बक्षिसावर अवलंबून असलेला माणूस बझरवर घाबरतो. मी असे दोन गुणी खेळाडू जवळून पाहिले. दोघांनीही पुढे खेळणंच सोडलं, आणि ते आठवलं की मला आजही वाईट वाटतं.

बक्षिसं बेभरवशाची असतात, वर्ष-वर्ष काही हाती लागत नाही. या क्षेत्रात नियमित पैसे मिळतात ते प्रश्न काढण्याचे, स्पर्धा चालवण्याचे, शिकवण्याचे आणि लिहिण्याचे. मलाही तसेच मिळतात. तुम्हाला यात खरंच कारकीर्द हवी असेल तर विजेतेपदाच्या मागे धावता धावता आजपासूनच प्रश्न काढायला लागा.

ते काम अभ्यासाहून अवघड आहे आणि मला त्याहून जास्त आवडतं. एक उदाहरण देतो. 'किलोग्रॅमची व्याख्या कोणत्या वर्षी बदलली?' हा वाईट प्रश्न. ज्याला येतं तो सांगेल, बाकीचे छताकडे बघतील. तीच माहिती अशी विचारा: '२० मे २०१९ पर्यंत जगात अशी एकच वस्तू होती, जिचं वस्तुमान चुकीचं ठरणं व्याख्येनेच अशक्य होतं. कोणती?' आता संघ बोलायला लागतो. व्याख्येने अचूक म्हणजे मोजमापाचं मूळ माप. वस्तुमानाचं मूळ माप म्हणजे किलोग्रॅम. म्हणजे पॅरिसजवळ सेव्र इथे ठेवलेला, १८८९ पासून प्रमाण मानलेला तो प्लॅटिनम-इरिडियमचा ठोकळा. उत्तर सापडल्यावर चेहऱ्यावर जो आनंद येतो त्यासाठी मी रात्री जागतो. शिवाय उत्तर न आलेला माणूसही काहीतरी घेऊन घरी जातो. असे प्रश्न काढायला लागलात की समोरच्या सेटरचं, म्हणजे प्रश्न काढणाऱ्याचं, डोकं कसं चालतं ते कळू लागतं आणि तुमचा दुसरा रकानाही आपसूक लहान होतो. माझा खेळ सगळ्यांत जास्त सुधारला तो सेटर झाल्यानंतरच्या तीन वर्षांत.

सेटरचं भांडवल म्हणजे विश्वास, हे मात्र पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा. १९५०च्या दशकात अमेरिकेत 'ट्वेंटी-वन' कार्यक्रमातला लाडका विजेता चार्ल्स व्हॅन डोरेन याला उत्तरं आधीच पुरवली जात होती. नोव्हेंबर १९५९ मध्ये त्याने संसदेच्या समितीपुढे ते कबूल केलं आणि १९६० मध्ये अशा लबाडीविरुद्ध कायदा झाला. तो अडाणी नव्हता, विद्यापीठात शिकवत होता. लोकांना आवडणारा चेहरा जिंकत राहावा म्हणून निर्मात्यांनी ते घडवलं आणि तो त्यात सामील झाला. तेव्हा मित्राच्या संघासमोर तुमचा प्रश्नसंच असेल तर त्याला विषयसुद्धा सांगू नका. मी माझ्या सख्ख्या भावाला सांगत नाही आणि तोही विचारत नाही.

मग नोकरीचं काय करायचं? माझा सल्ला असा: दीड वर्ष नोकरी ठेवा. या काळात रकाने भरा, एक खेळ निवडा, महिन्याला पंचवीस चांगले प्रश्न काढा आणि ते अनोळखी लोकांसमोर चालवून बघा. दीड वर्षानंतर प्रश्न काढण्यातून येणारं उत्पन्न तुमच्या गरजेच्या अर्ध्यावर पोहोचलं असेल आणि सहा-आठ महिन्यांची शिल्लक बाजूला असेल, तर नोकरी सोडण्याचा विचार मी तुमच्याबरोबर बसून करेन. तुमच्यावर आईवडील किंवा लहान मूल अवलंबून असेल तर हे आकडे दुप्पट धरा.

राहिली झोप. एमा बॉट्चर नावाच्या ग्रंथपालाने ३ जून २०१९ रोजी दाखवल्या गेलेल्या सामन्यात होल्झहाउअरला हरवलं. त्याने ३२ सामने जिंकले होते, २४,६२,२१६ डॉलर मिळवले होते. त्या दिवशी त्याला शेवटचा प्रश्न आला होता, बरोबर लिहिलाही होता; तिलाही आला होता, आणि आधीच्या फेरीत तिने पैज लावता येणाऱ्या मोक्याच्या जागा पकडून आघाडी घेतली होती. तो काही चुकला असं म्हणता येत नाही. या बाईने पदव्युत्तर प्रबंधच 'जेपर्डी!'च्या प्रश्नांच्या मजकुरावरून त्यांची काठिण्यपातळी ओळखता येते का यावर लिहिला होता. ती तीन सामने जिंकली आणि चौथ्यात हरली. जेनिंग्जही ७४ विजयांनंतर एका करसल्लागार कंपनीचं नाव न आल्याने हरला. यांच्यापैकी कोणाचंही कर्तृत्व त्या शेवटच्या सामन्याने कमी झालेलं नाही.

मला स्वतःला बार्डीनच्या हारेनंतर झोप लागली ती पहाटे चारला, रकाने भरून झाल्यावर. तुम्हीही करून बघा. ज्या तीन-चार प्रश्नांमुळे डोळा लागत नाही ते लिहा, प्रत्येकासमोर रकाना ठरवा, पहिल्या रकान्यातल्यांची कार्डं तिथेच करा आणि वही मिटा. तिसऱ्या रकान्यातला प्रश्न जास्त सतावतो, तो दुसऱ्या दिवशी संघातल्या कोणाला तरी फोन करून सांगा. पुढच्या पाच स्पर्धांचे रकाने जमले की इथे लिहा, मी बघेन.